रद्द म्हणजे शून्य नव्हे

महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीत आयटी घेतलेल्या मुलांना जावास्क्रिप्टच्या प्रात्यक्षिकात सुरुवातीलाच तीन साधी कामं असतात. एक पूर्णांक घ्यायचा आणि त्याला तीनने गुणून उत्तर दाखवायचं. दोन पूर्णांक घ्यायचे आणि मोठा कोणता ते सांगायचं. एक अक्षर घ्यायचं आणि तो स्वर आहे का ते तपासायचं. या कामांना आम्ही शिक्षक ‘एसओपी’ म्हणतो, मुलंही तसंच म्हणतात. तिन्हींमध्ये ‘घ्यायचा’ हा शब्द पहिला येतो आणि मुलं नेमकी त्याच्यावरूनच घसरून पुढे जातात. त्यांचं लक्ष गुणाकाराकडे असतं. माझं मात्र सगळं शिकवणं या घेण्यापाशी अडून बसलेलं असतं.

मी हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवते. वडनेर, अल्लीपूर, गिरडकडची मुलं एसटीने येतात. बरीचशी कापूस-सोयाबीनवाल्यांच्या घरची. फोन सगळ्यांच्या हातात आहे, पण प्रोग्राम लिहून संगणकाकडून काही करून घेण्याची पहिली वेळ आमच्या लॅबमध्येच येते. नोटपॅडमध्ये दहा-बारा ओळी लिहायच्या, फाइल सेव्ह करायची, क्रोममध्ये उघडायची. मग पडद्यावर वरच्या बाजूला एक छोटी चौकट येते. तिच्यात आपण लिहिलेला प्रश्न, खाली लिहायला जागा, आणि दोन बटणं: ओके आणि कॅन्सल. या चौकटीला प्रॉम्प्ट म्हणतात. तिच्या दोन बहिणी आहेत. अलर्ट नुसती सूचना देते आणि ओके दाबेपर्यंत हलत नाही. कन्फर्म हो-नाही विचारते. तिघींचाही जन्म एकाच घरचा: नेटस्केप नेव्हिगेटर २.० हा ब्राउझर. त्या ब्राउझरसाठी ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये दहा दिवसांत एक भाषा उभी केली. आधी तिचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट. वेब तेव्हा बाल्यावस्थेत होतं. पानावर माणसाला काही विचारायचं तर अख्खा फॉर्म बांधून सर्व्हरकडे पाठवावा लागे. तिथे एका ओळीत प्रश्न विचारता येणं ही मोठीच सोय होती. शिकणाऱ्यासाठी ती सोय आजही तेवढीच मोठी आहे. म्हणून तीस वर्षं उलटली तरी जगभरातल्या नवशिक्यांचा पहिला संवाद याच चौकटीतून होतो.

आता त्या दुसऱ्या एसओपीकडे या. दोन पूर्णांक, मोठा कोणता?

पहिल्या बाकावरची मुलगी पाच आणि आठ टाकते. ‘आठ मोठा’. बरोबर. वीस आणि तीस टाकते. ‘तीस मोठा’. बरोबर. ती वही मिटायला लागते. मी तिला म्हणते, आता नऊ आणि दहा टाक. ती टाकते, आणि पडद्यावर येतं: ‘नऊ मोठा’. ती चौकट बंद करून पुन्हा टाकते. पुन्हा नऊच मोठा. मागच्या बाकावरचा एक जण ओरडतो, “मॅडम, हे काहून असं करून राहिलं? माझ्याकडे त शंभरपेक्षा वीस मोठे म्हणते!”

संगणक बिघडलेला नसतो. प्रॉम्प्टच्या चौकटीत लिहून ओके दाबलं की जे बाहेर येतं ते नेहमी मजकूर असतं. तुम्ही नऊ टाका, हिंगणघाट टाका नाहीतर नुसती टिंबं टाका. प्रॉम्प्टच्या लेखी ती अक्षरांची माळ. आणि दोन माळांमध्ये मोठी कोणती हे संगणक शब्दकोशाच्या क्रमाने ठरवतो. पहिलं अक्षर पहिल्याशी ताडायचं. नऊचं पहिलं अक्षर नऊ, दहाचं पहिलं अक्षर एक. नऊ एकाच्या नंतर येतो, म्हणून नऊ मोठा. पुढचं शून्य बघायची गरजच पडत नाही. दोन्ही संख्या एकाच लांबीच्या असल्या की उत्तर बरोबर येतं, त्यामुळे वीस-तीसला फसवणूक लक्षात येत नाही. मला ही चूक फार आवडते, कारण ती अर्ध्या वेळा बरोबर असते. साफ चुकणारा प्रोग्राम लगेच पकडला जातो. अर्धा बरोबर असलेला कुणाच्या तरी पगारपत्रकात जाऊन बसतो.

पहिल्या एसओपीत तर ही चूक दिसतसुद्धा नाही. चौकटीत पाच टाका, तीनने गुणा, पंधरा येतात. गुणाकाराचं चिन्ह दिसलं की जावास्क्रिप्ट मुकाट्याने मजकुराची संख्या करून घेते. पण तीनने गुणायच्या ऐवजी तीन मिळवा म्हटलं, की पाच आणि तीन मिळून त्रेपन्न होतात. बेरजेचं चिन्ह मजकूर जोडायलाही वापरतात, त्यामुळे पाचाला तीन चिकटतो. ज्या मुलाने पुस्तकातला गुणाकारच फक्त करून पाहिला, त्याला वर्षभर वाटत राहतं की प्रॉम्प्ट संख्या देतो.

उपाय पुस्तकात आहे, मुलांना पाठही असतो: पार्सइंट लावायचं, म्हणजे मजकुराची पूर्णांक संख्या होते. पण पार्सइंट हा अतिशय भोळा गडी आहे. तो डावीकडून वाचायला लागतो आणि संख्येत न बसणारी पहिली गोष्ट भेटली की तिथेच थांबतो. तोवर जे हाती आलं तेच उत्तर. अडीच एकर टाकायचं म्हणून मुलाने दोन, टिंब, पाच आणि पुढे ‘एकर’ लिहिलं, तर पार्सइंट दोन परत देतो. अर्धा एकर गेला, आणि कुरकूर नाही. नंबर नावाचं दुसरं साधन आहे, ते कडक. त्याला अख्खा मजकूर संख्या म्हणून पटला पाहिजे, नाहीतर तो ‘नॅन’ म्हणतो, म्हणजे ही संख्याच नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं टिंबं देऊन लिहितात: १.२०.००. हे जसंच्या तसं चौकटीत टाकून पाहा. पार्सइंट म्हणतो एक. दशांश वाचणारा पार्सफ्लोट म्हणतो एक पूर्णांक दोन, आणि शंभर आरचा एक हेक्टर असल्यामुळे योगायोगाने ते बरोबर ठरतं. नंबर म्हणतो नॅन. तीन साधनं, तीन उत्तरं, आणि जमीन तीच.

एकदा मी वर्गाला कापसाचा हिशेब करायला सांगितला. क्विंटल विचारायचे, भाव विचारायचा, गुणून रक्कम दाखवायची. हिंगणघाटला कापसाचा मोठा बाजार, त्यामुळे यात मुलांना काही शिकवावं लागत नाही. अडत, तोलाई, हमाली त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, तोच घ्या म्हटलं. बारा क्विंटल. उत्तर ९०,२५२ यायला हवं. एका मुलाच्या पडद्यावर ८४ आलं. त्याने भाव लिहिताना आपण पावतीवर लिहितो तसा सातनंतर स्वल्पविराम दिला होता. पार्सइंट स्वल्पविरामाशी थांबला, भाव झाला सात रुपये, आणि बारा क्विंटल कापूस चौऱ्याऐंशी रुपयांत गेला. “व्यापारी त खुशच होईन, मॅडम,” शेजारचा म्हणाला.

त्या दिवशी ज्यांचं उत्तर नॅन आलं ते नशीबवान, असं मी वर्गात सांगितलं. नॅन दिसायला कुरूप आहे, पण ते लपवत नाही. चौऱ्याऐंशी रुपये हा आकडा सभ्य दिसतो. पुढे एखाद्या बेरजेत मिसळला की त्याला शोधून काढणं कठीण.

इथे छापलेले सगळे अंक देवनागरी आहेत. मुलांनी टाइप केलेले इंग्रजी होते. हा फरक वाचताना आपल्याला जाणवत नाही, जावास्क्रिप्टला मात्र तो आरपार दिसतो. फोनवर मराठी कीबोर्ड लावला की अंकही मराठीत उमटू शकतात, आणि मराठी पंचवीस चौकटीत टाकले तर पार्सइंटही नॅन म्हणतो आणि नंबरही. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि देवनागरी शून्याचा २४०६. संख्या ओळखायच्या बाबतीत जावास्क्रिप्टला फक्त ते ४८ पासून ५७ पर्यंतचे दहाच माहीत. त्यातून मोठा कोणता हे विचारलं तर आणखी मजा. नॅनची कशाशीही तुलना केली की उत्तर ‘नाही’. तो स्वतःच्या बरोबरीचासुद्धा नसतो. त्यामुळे पहिला मोठा आहे का, तर नाही. मग प्रोग्राम ‘नाहीतर’च्या ओळीवर जातो आणि बिनदिक्कत छापतो की दुसरा मोठा. मराठीत पंचवीस आणि दहा टाकणाऱ्याला उत्तर मिळतं, दहा मोठे. एरर नाही, काही नाही.

यावरची दुरुस्ती तीन ओळींची आहे. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे की त्याचा इंग्रजी जोडीदार मिळतो. अकरावीच्या पोराला जमण्यासारखं काम. तरी मराठीत सगळं लिहिलेले, मराठीत प्रश्न विचारणारे कितीतरी फॉर्म मराठी अंक टाकले की ‘कृपया योग्य संख्या टाका’ म्हणतात. मराठीत विचारायचं आणि मराठीतलं उत्तर नाकारायचं, याला मी तांत्रिक मर्यादा म्हणायला तयार नाही. विचारणाऱ्याने उत्तराची वाट पाहिली नव्हती, इतकाच त्याचा अर्थ.

तिसऱ्या एसओपीची गंमत थोडक्यात सांगते. बोर्डाला इंग्रजीतले पाच स्वर अभिप्रेत आहेत. दरवर्षी कुणीतरी ‘अ’ टाकतंच, आणि “मॅडम, अ हा स्वर नाही म्हणते हे” अशी तक्रार येते. पुढच्या एसओपीत शब्दाची लांबी मोजायची असते. वर्धा टाकलं की लांबी येते पाच आणि हिंगणघाटची आठ. मुलं बोटांवर हिं-ग-ण-घा-ट असं पाच मोजून माझ्याकडे बघतात. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतो.

आता कॅन्सल. मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

चौकट आली आणि माणसाने काही न लिहिता ओके दाबलं, तर प्रॉम्प्ट रिकामा मजकूर परत देतो. कॅन्सल दाबलं, तर ‘नल’ देतो, म्हणजे काहीच नाही. आणि शून्य लिहून ओके दाबलं, तर शून्य हे अक्षर देतो. ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिला म्हणतो, मी लिहिलं नाही. दुसरा म्हणतो, मला सांगायचं नाही किंवा मला इथून बाहेर पडायचं आहे. तिसरा म्हणतो, माझ्याकडे शून्य आहे. प्रॉम्प्टने ती तीन वेगळी ठेवली, ही त्या दहा दिवसांच्या घाईतलीसुद्धा चांगली गोष्ट. पण पुढच्याच ओळीत आम्ही तीनने गुणतो, आणि जावास्क्रिप्ट नलला शून्य समजते, रिकाम्यालाही शून्य समजते. तिघांचंही उत्तर शून्य.

वर्गात हे करून दाखवायला मी प्रश्न बदलते. ‘यंदा कापसाखाली किती एकर?’ एकाने सांगायचं शून्य, कारण त्याच्या घरी सगळं सोयाबीन. एकीने रिकामं सोडायचं, कारण तिला बाबांना विचारावं लागेल. एकाने कॅन्सल करायचं, कारण त्याच्या घरी शेतीच नाही. मग तिघांची सरासरी काढा म्हणते. मुलं हसतात, पण त्यांच्या लक्षात येतं. शेती नसलेल्या माणसाला आपण शून्य कापूस पेरणारा शेतकरी करून टाकलं. ज्या मुलीला आकडा माहीत नव्हता तिच्या तोंडी आपण आकडा घातला. पाहणी, सर्वेक्षण, जनगणना, दवाखान्याची नोंद, कुठेही जा, रिकाम्या रकान्याचं शून्य करणं हा हिशेबातला सगळ्यात शांत खोटेपणा आहे. तो टाळायला एक साधा क्रम पुरतो: आधी नल आहे का बघा, मग रिकामं आहे का बघा, मग संख्या करा, मग नॅन आहे का बघा, आणि मगच गुणा. परीक्षेत या तपासण्या नसल्या तरी माझ्या माहितीत कुणाचे गुण कापले गेलेले नाहीत. मी कापते. मुलांना राग येतो.

या चौकटीचा दुसरा स्वभाव म्हणजे ती सगळं थांबवते. पानावर जावास्क्रिप्टची कामं एकामागून एक होतात, एका वेळी एक. प्रॉम्प्ट उघडला की पुढचं काहीच हलत नाही. बाजार समितीच्या काट्यावर पहिली गाडी उभी राहिली की मागची रांग जागची हलत नाही, तसं. हे डोळ्यांनी बघायचं तर पानावर दर सेकंदाला एकने वाढणारा आकडा लावा आणि मग प्रॉम्प्ट उघडा. आकडा गोठतो. चौकट बंद करा, तो जिथे होता तिथूनच पुढे मोजायला लागतो. मधला वेळ त्याच्या लेखी झालाच नाही. शिकणाऱ्याला याच स्वभावाने सोपं जातं: प्रश्न विचारला, उत्तर आलं, मग पुढची ओळ. वाट बघण्याचं वेगळं तंत्र शिकावं लागत नाही. वापरणाऱ्याला मात्र हेच जाचतं. मागच्या पानाला हात लावता येत नाही, आधी भरलेलं तपासता येत नाही, उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

आणि म्हणून माणसं न वाचता ओके दाबतात. माझा मावसभाऊ समुद्रपूरकडे आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. जून-जुलैत दाखल्यांसाठी बाहेर रांग असते. एकदा मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. पडद्यावर कन्फर्म आलं की त्याचं बोट एंटरवर पडायचं. काय विचारलं होतं हे विचारलं तर त्याला सांगता येईना. “ताई, वाचायले टाइम कोणाले आहे? लाइन पाय बाहेर.” त्याला दोष देता येत नाही. कन्फर्ममध्ये ओके आधीच निवडलेलं असतं, एंटर दाबलं की ते दाबलं जातं. दिवसातून कितीतरी वेळा तीच चौकट येत असेल तर ती प्रश्न राहत नाही, ती एंटर दाबायची खूण होते. शिवाय बटणांवर काय लिहावं हे प्रोग्रामरच्या हातात नाही. ते ब्राउझर ठरवतो. ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ असा प्रश्न आणि खाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’. अर्ज नको असलेला माणूस घाईत कोणतं दाबेल? असा प्रश्न कन्फर्ममध्ये टाकूच नये. ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज राहू द्या’ अशी स्वतःची दोन बटणं करावीत.

थांबवण्याच्या याच गुणाचा गैरवापरही झाला. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं अलर्ट पुन्हा पुन्हा दाखवणारी पानं निघाली. ओके दाबा, पुन्हा तेच. टॅब बंद करता येत नाही असं वाटून माणसं घाबरतात आणि फोन करतात. म्हणून ब्राउझरनी लगाम घातले. चौकटीवर आता ती कोणत्या साइटने उघडली तो पत्ता छापतात. एकच पान चौकटीमागून चौकटी उघडायला लागलं की पुढच्या रोखायची सोय देतात. पान सोडून जाताना येणाऱ्या चौकटीत साइटला स्वतःचं वाक्य लिहिता यायचं, ते २०१६मध्ये क्रोम ५१ ने बंद केलं. मार्च २०१९मध्ये जपानमध्ये तर ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी संपतच नाही अशा अलर्टच्या पानाची लिंक टाकल्याबद्दल १३ वर्षांच्या एका मुलीवर कारवाई केली. पानात नुकसान करणारं काहीच नव्हतं, नुसती चेष्टा होती, आणि जगभरच्या प्रोग्रामरनी त्यावर बराच आरडाओरडा केला. अनंत फेऱ्यात अलर्ट टाकणं हा माझ्या लॅबमधलाही दरवर्षीचा सण आहे. शेजाऱ्याच्या पीसीवर ते उघडून ठेवायचं आणि आपण पाणी प्यायला जायचं. मी पोलीस बोलवत नाही, त्यांच्याकडूनच तो फेरा थांबवणारी अट लिहून घेते.

वाचकांसाठी एक कामाची गोष्ट मध्येच सांगून टाकते. प्रॉम्प्टच्या चौकटीत टाइप केलेलं उघडं दिसतं. पासवर्डच्या जागी दिसतात तसे ठिपके तिथे आणताच येत नाहीत. अशा चौकटीत कुणी पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागत असेल तर कॅन्सल करा आणि टॅब बंद करा. घाबरवणारं पान कितीही ओरडत असलं तरी ते पान आहे. पूर्ण ब्राउझर बंद केला की ते जातं. त्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही, एवढं घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

या चौकटी हळूहळू निवृत्त होणार अशी चिन्हं अधूनमधून दिसतात. जुलै २०२१मध्ये क्रोमच्या ९२ व्या आवृत्तीत असा बदल आला की एका साइटच्या पानात दुसऱ्या साइटचा तुकडा बसवलेला असेल तर त्या तुकड्याला अलर्ट, कन्फर्म, प्रॉम्प्ट उघडता येणार नाहीत. कारण रास्त होतं: तुकडा फसवा असला तर चौकट मूळ साइटचीच आहे असं वाटू शकतं. पण ऑनलाइन कोड लिहून बघायची बरीच साधनं नेमकी याच रचनेवर चालतात. डावीकडे कोड आणि उजवीकडच्या तुकड्यात त्याचा निकाल. शिकवणाऱ्यांनी आणि अशी साधनं बनवणाऱ्यांनी ओरड केली तेव्हा गूगलला तो बदल पुढे ढकलावा लागला. त्या वादात मला एक गोष्ट पटली. व्यावसायिक प्रोग्रामर या चौकटींना केव्हापासूनच नाकं मुरडतात, पण त्यातले कितीतरी जण याच चौकटीतून आत आलेले असतात. माझं मत विचाराल तर प्रॉम्प्ट वर्गात राहावा आणि लोकांच्या फॉर्ममधून जावा.

त्याच्या जागी काय यावं, हेही आता सोपं झालं आहे. डायलॉग नावाचा एक घटक एचटीएमएलमध्येच आहे. क्रोमने तो २०१४मध्ये घेतला; फायरफॉक्स आणि सफारीने घ्यायला मार्च २०२२ उजाडला. त्याच्या आधी असल्या चौकटी ज्याने त्याने आपापल्या घरी शिवलेल्या असत, आणि कीबोर्डवर किंवा पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्या माणसांची त्यात फार गैरसोय होई. आता एस्केप दाबला की चौकट बंद होणं, कर्सर चौकटीतच राहणं, हे ब्राउझर सांभाळतो. पानावरचं बाकीचं काम मागे चालू राहतं. बटणांवर आपले शब्द येतात. एका चौकटीत तीन प्रश्न मावतात, आणि चुकलं तर चुकलेल्या जागेशेजारीच सांगता येतं. फोनवर आकड्यांचा मोठा कीपॅड उघडावा असंही रकान्याला सांगता येतं. प्रॉम्प्टला ते कधीच सांगता आलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा झाली की वर्गातली उत्साही चार-सहा मुलं थांबतात आणि आम्ही तो कापसाचा हिशेब नव्याने बांधतो. प्रॉम्प्ट काढून टाकलेला असतो. स्वल्पविराम आले तर गाळतो, मराठी अंक आले तर बदलून घेतो, रिकामं असेल तर ‘क्विंटल लिहायचे राहिले’ असं म्हणतो, आणि ‘नक्की माहीत नाही’ असं एक बटणही ठेवलं आहे. यंदा एका मुलाने घरी वडिलांच्या हातात फोन दिला, आणि त्यांनी क्विंटलच्या जागी अक्षरात ‘अडीच’ लिहिलं. पोराने दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, आता याचं काय करायचं?

बाबांचं उत्तर अगदी बरोबर होतं, म्हणून ते नाकारायचं नाही असं ठरलं. फळ्यावर यादी सुरू झाली. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही सरळ लिहून टाकली, कारण त्यांना नियम नाही. ‘साडे’ आलं की पुढच्या संख्येत अर्धा मिळवायचा. ‘पावणे’ आलं की पाव वजा करायचा. ‘सव्वा’च्या पुढे संख्या असेल तर पाव मिळवायचा. साडेतीन, पावणेपाच, सव्वादोन सगळं नीट चालायला लागलं. मग मागून कुणीतरी सव्वाशे टाकलं. प्रोग्रामने शंभरात पाव मिळवून शंभर पूर्णांक पंचवीस शतांश असं उत्तर दिलं. आता शेकड्यात पाव शेकडा धरायचा, हजारात पाव हजार, म्हणजे पाव कशाचा हे आधी ओळखावं लागणार. सध्या काम तिथे अडलं आहे. पोरांचं म्हणणं की पावणेदोनशेचा नियम बसला की बाकीचे आपोआप बसतील.